रोशेलचा कोट

एल्रॉय याफ्ताने आयुष्यात हजारो ओळी लिहिल्या. पण स्वतःची म्हणून त्याने एकाच ओळीचा अभिमान धरला. 'ज्याने आकडा भरला, त्यानेच तो मंजूर करायचा नाही.' ही ओळ त्याने माणसांसाठी लिहिली नव्हती, संगणकासाठी लिहिली होती. माणसांनी ती किती पाळली, हा या कथेचा विषय आहे.

कंपनीच्या माहितीपत्रकात असे छापलेले आहे की, प्रयोगशाळा चालवण्याचे 'फॉन्टेन' हे सॉफ्टवेअर केप टाउनच्या एका गॅरेजमध्ये दोन जिवलग मित्रांनी जन्माला घातले. यातला एकही शब्द पडताळणीत टिकत नाही. गॅरेज नव्हते, वुस्टर गावच्या पाणी-तपासणीच्या प्रयोगशाळेत रिकाम्या बाटल्या ठेवण्याची एक खोली होती. मित्रही दोन नव्हते. आरंभी एल्रॉय एकटाच होता. बेल्जियममधल्या घेंटच्या एका दूध-प्रयोगशाळेत काम करणारा वाउटर त्याला नंतर मिळाला, आणि तोही केवळ पत्रव्यवहारातून. दोघांची समोरासमोर भेट कधीच झाली नाही.

आरंभाचे खरे कारण माहितीपत्रकात येण्याजोगे नव्हते. तरुणपणी, वुस्टरला कामाला लागल्यावर, एल्रॉयच्या हातून एका द्राक्षमळ्यावरच्या कूपनलिकेतले नायट्रेट चुकीचे नोंदले गेले. दशांशचिन्ह एक घर सरकले आणि चौसष्टचे सहा पूर्णांक चार झाले. आकडे तपासायला त्याच्या वर ऊम पीट, म्हणजे पीटकाका, होता, पण तो शनिवार होता, रग्बीचा सामना होता, आणि ऊम पीट जाता जाता म्हणाला होता, "माझ्या जागी तूच सही मार रे, तू कुठे चुकतोस!" एल्रॉयने दोन्ही जागी सह्या केल्या. त्या मळ्यावरच्या एका मजुराच्या बायकोने तेच पाणी बाटलीच्या दुधात कालवले. नायट्रेट तान्ह्या बाळाच्या रक्तातला प्राणवायू तोडते; बाळाचे ओठ निळे पडले. बाळ वाचले, असे एल्रॉय सांगत असे. त्याची बायको बर्नाडीन हा विषय निघाला की उठून स्वयंपाकघरात जात असे. तेव्हा त्या सांगण्यावर किती विश्वास ठेवायचा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

फॉन्टेन त्यातून आले. फॉन्टेन म्हणजे झरा. हे नाव बर्नाडीनचे. बाटली दारातून आत आल्यापासून तिचा अहवाल बाहेर पडेपर्यंत तिचा माग ठेवायचा: ती कुणी आणली, कुणी उघडली, काय तपासले, काय निघाले. आणि शेवटच्या दाराशी एल्रॉयची ती ओळ पहारेकऱ्यासारखी उभी. आकडा एका माणसाने भरायचा, दुसऱ्याने पाहायचा. दुसरा नसेल तर अहवाल छापला जाणार नाही; मग ऊम पीट सामन्याला जावो नाहीतर स्वर्गाला. हे सगळे एल्रॉयने जगापुढे उघडे ठेवले. ज्याला हवे त्याने न्यावे, वापरावे, बदलावे, पुढे वाटावे, असे त्याने सगळ्यांत वर लिहून ठेवले. झऱ्याला कुंपण घालायचे नसते, असे तो तेव्हा म्हणायचा.

वाउटर आल्यावर दोघांनी आपल्या कामालाही तोच नियम लावला. एल्रॉयने लिहिलेली ओळ वाउटरने वाचून होकार दिल्याखेरीज सॉफ्टवेअरच्या मूळ प्रतीत जाणार नाही, आणि वाउटरची एल्रॉयच्या होकाराखेरीज. वाउटर जिभेचा तिखट होता. "तुझा एक अल्पविराम जेवायला घरी गेलाय वाटतं," असे तो लिहून पाठवायचा, किंवा नुसतेच, "ही ओळ लिहिताना बायकोशी भांडण झालं होतं का?" एल्रॉय चिडायचा, ओळ दुरुस्त करायचा, आणि रात्री शांत झोपायचा. तपासणारा आहे या भरवशावर जी झोप लागते, तिची सर कशालाच नसते.

मग रेन्शिया डू प्री आली. ती पूर्वी प्रयोगशाळांना उपकरणे विकत असे आणि कोणत्या प्रयोगशाळेचे कुठे अडते, हे तिला नेमके ठाऊक होते. "अरे, झऱ्याचं पाणी फुकट असतं, पंप फुकट नसतो," ती एल्रॉयला म्हणाली. "सॉफ्टवेअर वाटत बस खुशाल. पण ते बंद पडलं की लोक कुणाला हाक मारणार? त्या हाकेचे पैसे घेऊ." बेलविलला एक कचेरी उघडली. सॉफ्टवेअर खुलेच राहिले. जोडणी, शिकवणी, दुरुस्ती आणि वर्षातून एकदा जागेवर जाऊन पाहणी, याचे करार झाले. यात गैर काही नव्हते, आणि एल्रॉयने ते मनापासून केले. गैर घडले ते सावकाश घडले, आणि कुणाच्या दुष्टपणामुळे नव्हे.

या करारांतला सर्वांत लहान करार ड्रुफ्लेयचा होता. ड्रुफ्लेय हे कारू या कोरड्या पठारावरचे गाव. तिथे नगरपालिकेच्या जलशुद्धीकरणाला लागून दोन खोल्यांची प्रयोगशाळा होती आणि तिची प्रमुख ड्रीना फेब्रुवारी होती. फेब्रुवारी हे तिचे आडनाव. तिच्या पूर्वजाला ज्या महिन्यात गुलाम म्हणून विकत घेतले, तो महिना त्याच्या नावाला चिकटला. त्या भागात अशी आडनावे घरोघर आहेत. एल्रॉय तिला टानी म्हणे, कारण आईच्या वयाच्या बाईला त्याच्या लोकांत टानी याखेरीज काही म्हणतच नाहीत.

त्या वर्षीच्या पाहणीला नेहमीपेक्षा वजन होते. मान्यता देणाऱ्या संस्थेचे तपासनीस येणार होते, आणि 'फॉन्टेनचे नियम या प्रयोगशाळेत जसेच्या तसे पाळले जातात' असा, देखभाल करणाऱ्याच्या सहीचा दाखला त्यांना हवा होता. मान्यता टिकली तर प्रयोगशाळा टिकणार होती. ती गेली तर कायद्याने गावाचे पाणी दुसरीकडे तपासायला पाठवावे लागणार होते. आणि दुसरीकडे म्हणजे केप टाउन, घाट उतरून अर्ध्या दिवसाची वाट. पाण्यातल्या जंतूंना तितका धीर नसतो. बाटली बर्फात ठेवून त्याच दिवशी तपासणीला लावली नाही, तर ती नंतर काहीही सांगू लागते.

"आलास? पाय पूस," दारातच टानी ड्रीना म्हणाली. "बाहेरची धूळ आत आणलीस तर तुझ्याच नावावर नोंदवीन."

"नोंदवा की टानी. नमुना म्हणून लावा आणि फुकट तपासून द्या."

"फुकट तुझं सॉफ्टवेअर असतं, पोरा. माझ्याकडे कॉफी सोडली तर फुकट काही नाही."

तिने कॉफी आणि घरी भाजलेले रस्क पुढे ठेवले. एल्रॉयने नवी आवृत्ती चढवली, दोन-तीन चाचण्या करून पाहिल्या. सगळे सुरळीत होते. ड्रीनाने आकडे भरलेले, तिची मदतनीस रोशेल हिने मंजूर केलेले. एकही अहवाल अडलेला नाही, एकही घाईने सोडलेला नाही. इतकी नेटकी प्रयोगशाळा त्याच्या यादीत दुसरी नव्हती.

"रोशेलला बोलवा ना. नवा स्क्रीन तिला दाखवून टाकतो."

"धरणावर गेलीय. नमुने आणायला."

"एकटीच?"

"मग काय वाजंत्री लावून पाठवू?"

एल्रॉय हसला आणि रस्क बुडवत बसून राहिला. समोर भिंतीवर दोन खुंट्या होत्या, दोन पांढरे कोट होते, आणि खिशांवर दोन नावे शिवलेली होती. रोशेल त्याच्या चांगली लक्षात होती. बेलविलच्या शिकवणीला आली तेव्हा थंड खोलीच्या चौकटीवर तिचे कपाळ आपटले होते आणि सगळा वर्ग हसला होता. नेटबॉल खेळणारी, ताडासारखी उंच मुलगी. ड्रीना तिच्या खांद्याला लागली असती की नाही, कोण जाणे. आणि समोरच्या दोन्ही कोटांच्या बाह्या सारख्याच दुमडलेल्या होत्या, आखूड हातांच्या बाईने दुमडाव्यात तशा. दोन्हींच्या उजव्या मनगटाशी रंगद्रव्याचा सारखाच जांभळा डाग होता.

"टानी," तो कप खाली ठेवत म्हणाला, "रोशेलला बाह्या कधीपासून लांब व्हायला लागल्या?"

 ड्रीनाच्या हातातला रस्क कॉफीत विरघळून तळाला गेला, तरी ती बोटे तशीच धरून होती.

"गेली ती," शेवटी ती म्हणाली. "जॉर्ज शहरात. सुपरमार्केटात गल्ल्यावर बसते. इथल्यापेक्षा बरं मिळतं म्हणे."

"कधी?"

"गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात. नगरपालिका म्हणते जागा भरतो. दर बैठकीला भरतात. कागदावर भरून भरून ती जागा आता ओसंडायला लागली असेल."

"म्हणजे तिच्या लॉगिनमध्ये..."

"मी जाते. ऐक, मध्ये बोलू नकोस. संध्याकाळी मी ड्रीना असते. आकडे भरते, कुलूप घालते, घरी जाते, देवाचं नाव घेते, झोपते. सकाळी आल्या आल्या तो कोट घालते, माझा नाही, तिचा. मग मी रोशेल. आणि सांगते तुला, ती बया फार खाष्ट आहे. बाटलीवरची चिठ्ठी बघते, बर्फ बघते, हिशेब परत मांडते. गेल्या महिन्यात तिनं माझे दोन आकडे तोंडावर फेकले. मला परत सगळं करायला लावलं."

नियम दुसऱ्या कुणाचा असता तर एल्रॉयला हसू आले असते.

"टानी, कोट दोन झाले म्हणून माणसं दोन होत नाहीत. ज्या डोक्यानं चूक केली, तेच डोकं ती शोधणार? दशांशचिन्ह सरकलं तर..."

"तू मला दशांश शिकवतोस?" ड्रीनाचा आवाज चढला. "मला माहिती नाही? दुसरं डोकं हवं, हे मलाही कळतं. आणू कुठून? तुझ्या त्या बॅगेत असेल तर काढ एखादं. फुकट असतं ना तुमच्यात सगळं!"

"तुम्ही कळवायला हवं होतं."

"कळवलं असतं तर टाळं लागलं असतं. मग खालच्या वस्तीतल्या नळांना कुणी विचारलं असतं, काय गं बायांनो, बऱ्या आहात का? पाणी आजही खरं तपासलं जातंय, एल्रॉय. खोटं आहे ते फक्त नाव."

 ड्रीनाने कप उचलले, नळाखाली धरले, आणि पाठमोरीच म्हणाली, "सही कर नाहीतर नको करूस. तुझा हात, तुझं पेन. पण एक सांग. तुझं काम कोण तपासतं?"

"वाउटर," एल्रॉय म्हणाला. "बेल्जियममध्ये असतो."

"खराखुरा? हाडामांसाचा?"

"हो."

"नशीबवान आहेस रे बाबा."

इथे कागदोपत्री जे आढळते ते सांगितलेच पाहिजे. वाउटर रोशेलच्याही आधी गेला होता. त्याला जुळ्या मुली झाल्या, बँकेत नोकरी लागली, आणि निरोप घेताना त्याने आपल्या नावाचा पासवर्ड एल्रॉयला लिहून पाठवला. 'नवा कुणी मिळेपर्यंत, अडलं तर वापर.' नवा कुणी मिळाला नाही. जगभरातल्या प्रयोगशाळा फॉन्टेन वापरत होत्या. तक्रारी पाठवत होत्या, आभार पाठवत होत्या, सणाला शुभेच्छाही पाठवत होत्या. दुसऱ्याने लिहिलेले वाचत बसायला मात्र कुणाला वेळ नव्हता. एकदा लुसाकाच्या एका रुग्णालयाचे अहवाल अडले. दुरुस्ती तयार होती, फक्त दुसरा होकार नव्हता. त्या दिवशी एल्रॉय पहिल्यांदा वाउटर झाला. पुढे सवय लागली. मूळ प्रतीच्या उघड्या इतिहासात ते सारे होकार आजही ओळीने उभे आहेत: लिहिणारा याफ्ता, पाहणारा वाउटर. दोघांत फरक इतकाच, की ड्रीनाची रोशेल खाष्ट होती. एल्रॉयच्या वाउटरने आजवर एकही ओळ परत पाठवलेली नव्हती.

घाट उतरताना एल्रॉयच्या मनात काय चालले होते, याविषयी दोन मते आहेत. बर्नाडीनचे मत असे, की त्याला फक्त ते निळे ओठ दिसत होते आणि दुसरे काही दिसणे शक्यच नव्हते. दुसरे मत त्याला कमी सोयीचे आहे: चोराला चोराची पावले लवकर ओळखू येतात, आणि आपल्या घरची चोरी झाकायची असली की माणूस दुसऱ्याच्या घरची अधिक निष्ठुरपणे मोजतो. दोन्ही मते एकाच वेळी खरी असायला हरकत नाही.

"सही कर," बेलविलला रेन्शिया म्हणाली. तिने त्याचे सगळे ऐकून घेतले होते.

"नियम पाळला जात नाहीये तिथं."

"फॉन्टेन दोन लॉगिन मागतं. त्याला दोन लॉगिन मिळतात. आपलं काम तिथं संपलं. लॉगिनच्या मागे कोण बसलंय ते बघायला आपण काय तिची सासू आहोत?"

"दाखल्यावर 'पाळले जातात' असं लिहिलंय. 'पाळल्यासारखे दिसतात' असं नाही."

"एल्रॉय, ती म्हातारी अख्ख्या गावाचं पाणी एकटी सांभाळतेय."

"म्हणूनच तर. एकटीनं सांभाळायची गोष्टच नाहीये ती."

"मग तुझ्या तत्त्वाला सांग, ड्रुफ्लेयला जाऊन नोकरी धर म्हणावं," रेन्शिया म्हणाली आणि खिडकीकडे वळली. न्यायाने बोलायचे तर त्या दिवशी बरोबर ती होती.

एल्रॉयने सही केली नाही, आणि का केली नाही ते एका स्वच्छ वाक्यात लिहून दिले. पुढचे काम तपासनिसांनी केले. मान्यता गेली. नगरपालिकेने पाणी तपासण्याचे काम देशभर शाखा असलेल्या एका बड्या प्रयोगशाळेला दिले. ड्रीनाला काढले नाही. बाटल्या भरून बर्फाच्या पेटीत रचायच्या आणि गाडी आली की पेटी चढवायची, एवढे काम तिला ठेवले. ती भांडली असती तर एल्रॉयला बरे वाटले असते. तिचा एकच निरोप आला: 'रोशेलचा कोट धुऊन ठेवलाय. डाग गेला नाही.'

ती बडी प्रयोगशाळा त्याच हिवाळ्यात कंपनीची सर्वांत मोठी गिऱ्हाईक झाली. यात कट नव्हता. त्यांना स्वस्त आणि भरवशाचे सॉफ्टवेअर हवे होते, आणि फॉन्टेन तसे होते. त्यांची मागणी एकच होती. माणसे कमी, नमुने फार. तेव्हा ज्याने आकडा भरला त्यालाच तो मंजूर करता यावा, यासाठी एक खटका बसवून द्यावा.

"नाही," एल्रॉय म्हणाला.

"पूर्ण ऐक तरी. त्यांचं लेखी धोरण आहे. 'अपवादात्मक परिस्थितीत, प्रशिक्षित कर्मचाऱ्याने.' तपासनिसांना ते मान्य आहे. लपवाछपवी नाही, काही नाही."

"दुसरे डोळे काढता येणार नाहीत, रेन्शिया. मूळ प्रतीत माझ्या होकाराशिवाय ओळ जात नाही, आणि याला माझा होकार नाही."

"मूळ प्रतीत कोण घालतंय? आम्ही आमची प्रत काढू. वेगळं नाव देऊ. त्यांना तीच जाईल, पुढे सगळ्या करारांना तीच जाईल." तिने आवाज चढवला नव्हता; चढवला असता तर त्याला भांडता आले असते. "परवानगी मागायला आले नाहीये मी. ती तू कधीच देऊन ठेवलीयस. सगळ्यांत वर लिहिलंयस तू. कुणीही न्यावं, कुणीही बदलावं."

"हे मी त्यासाठी नव्हतं लिहिलं."

"कशासाठी लिहिलं ते कुठं लिहिलंयस?"

एल्रॉय उठला. हे मी जगाला सांगेन, म्हणाला. फॉन्टेन वापरणाऱ्या सगळ्यांना लिहीन, यांच्या प्रतीतून नियम काढलाय म्हणून. रेन्शियाने त्याला दारापर्यंत जाऊ दिले.

"ईस्टरला मी घेंटला होते," ती म्हणाली. "प्रदर्शनाला. वाउटरबरोबर कॉफी घेतली. छान आहे, मुली मोठ्या झाल्यात. मला विचारत होता, फॉन्टेन अजून जिवंत आहे का म्हणून. त्याच आठवड्यात त्यानं तुझ्या चार दुरुस्त्यांना होकार दिला होता, एल्रॉय. मी काही बोलले नाही त्याला. तूही लिहू नकोस कुणाला. आपण एकमेकांची कशाला काढायची?"

एल्रॉयने कुणाला लिहिले नाही. तो कंपनीतून बाहेर पडला. बर्नाडीनच्या पगारावर घर चालू लागले. एका सकाळी बर्नाडीन शाळेत शिकवायला गेल्यावर त्याने वाउटरचे नाव मूळ प्रतीच्या राखणदारांतून काढून टाकले. आता तिथे एकच नाव उरले. आणि नियम असा, की त्या एका नावाला स्वतःची ओळ आत घेता येत नाही. त्याने उघड पत्र लिहिले: कुणीतरी तपासायला या. पुष्कळांनी अंगठा वर केल्याची खूण पाठवली. आले कुणीच नाही.

तोवर एक खरी चूक निघाली होती. अहवाल छापताना आकड्याआधीचे 'पेक्षा कमी' हे चिन्ह काही वेळा गळून पडायचे. म्हणजे प्रयोगशाळेने म्हणायचे, शिसे इतक्यापेक्षा कमी, सापडलेच नाही. आणि कागदावर उमटायचे, शिसे इतके. कंपनीच्या विकतच्या प्रतीत ती चूक रेन्शियाच्या नव्या माणसांनी निस्तरली. फुकटच्या मूळ प्रतीसाठी एल्रॉयने दुरुस्ती लिहिली आणि ठेवून दिली. लुसाकाहून पत्र आले, लिमाहून आले: दुरुस्ती तयार दिसते, मग आत का येत नाही? तो प्रत्येकाला एकच उत्तर पाठवी. दुसरे डोळे मिळाले की.

उन्हाळ्यात ड्रीनाचा फोन आला. इतक्या महिन्यांनी तिचा आवाज ऐकून एल्रॉय उभाच राहिला.

"बैस, बैस, रडायला नाही केलाय फोन," ती म्हणाली. तो उभा आहे हे तिला कसे कळले, कोण जाणे. "खालच्या वस्तीत पोटं बिघडलीत लोकांची. नळाला गढूळ येतंय. लोक उकळून पितायत. ज्यांच्याकडे वीज आहे, ते."

"नमुने पाठवले ना?"

"पाठवले. पहिली पेटी घाटात गाडी बंद पडून उन्हात उभी राहिली. उत्तर आलं, नमुना तपासण्याजोगा नाही. दुसऱ्या पेटीचं आजच आलंय. सगळं स्वच्छ म्हणे. जंतू शून्य. मी इथं नुसत्या डोळ्यांनी बघतेय, पाण्याचा रंग चहासारखा आहे, आणि कागद म्हणतो शून्य." कागद उलटल्याचा आवाज आला. "थांब, वाचून दाखवते, तुझ्या कामाचं आहे. आकडा भरणार, एम. लाटेखान. मंजूर करणार, एम. लाटेखान. एकाखाली एक, एकाच मिनिटात. बघ, किती प्रामाणिक माणसं आहेत! दुसऱ्या कुणाचं नावसुद्धा लावलेलं नाही. माझ्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक."

"टानी..."

"शून्य बघून रोशेलनं पेटी परत पाठवली असती," ती म्हणाली. "तोंडावर फेकली असती माझ्या."

 एल्रॉय म्हणाला: "टानी, तुम्ही विचारलं होतंत ना, माझं काम कोण तपासतं म्हणून. मी खोटं बोललो. कुणी नव्हतं. मीच होतो."

 ड्रीना हसली. ते हसू चांगले नव्हते.

"मग त्या दिवशी माझ्या खुर्चीत बसून, माझे रस्क खाऊन, कुणाच्या तोंडानं न्याय केलास रे?"

"आता थांबवलंय मी. एक दुरुस्ती पडून आहे. महत्त्वाची आहे. पण तपासल्याशिवाय आत घेणार नाही."

"वा! माझी प्रयोगशाळा तुझ्या तत्त्वापायी बंद, आणि आता तुझं दुकानही तुझ्याच तत्त्वापायी बंद. मधल्यामध्ये पाणी पिणारे मेले तरी चालेल." मागे कुठेतरी रिकाम्या बाटल्यांचा खणखणाट झाला. गाडी आली असावी. "असं कर. रोशेलला विचार. हल्ली मोकळीच असते. कोट पाठवते तुला."

तिने फोन ठेवला. कोट तिने पाठवला नाही. त्या दोघांचे बोलणे पुन्हा झाल्याची कुठे नोंद नाही, आणि बर्नाडीनलाही ते आठवत नाही.

ती दुरुस्ती अजून तिथेच आहे. लिहिणाऱ्याच्या जागी याफ्ता, पाहणाऱ्याच्या जागी काही नाही. कुणीही जाऊन पाहावी. ती खुलीच आहे.